शेवटचे कडवे

जुने लोक म्हणत, अमक्याच्या मागे भूत लागले. आपण धम्म स्वीकारलेली माणसे. भुताखेतांवर आपला विश्वास नाही. पण गाणे माणसाच्या मागे लागते, हे आम्ही या वर्षी स्वतः अनुभवले आहे. ते उठता-बसता सोडत नाही, जेवताना सोडत नाही, कामावर सोबत येते आणि रात्री उशाशी बसते. आणि एक दिवस ते आपल्याला अशा दारात नेऊन उभे करते की जिथे जायचे नाही असे आपण ठरवलेले असते.

ही हकीकत त्या गाण्याची आहे. थोडी आमच्या घरचीही आहे. घरची गोष्ट चारचौघांत का सांगता, असे कोणी म्हणेल. सांगितली पाहिजे, असे आम्हांला वाटते. का, ते शेवटी कळेल.

मांडीवरचा ठेका

फेब्रुवारी महिन्यात मनमाडच्या आमच्या वस्तीत एक शेजारी वारले. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, अबोल गृहस्थ. त्यांच्या दारापुढे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. त्रिशरण-पंचशील झाले, बौद्धाचार्यांनी सुत्तपठण केले, दोघा-तिघांनी आठवणी सांगितल्या. आता खीरदान होऊन माणसे उठणार, इतक्यात कोपऱ्यात बसलेले एक आजोबा म्हणाले, "त्याला एक गाणं लई आवडायचं. म्हणू का?"

पेटी नव्हती, ढोलकी नव्हती, माईकही नव्हता. उजव्या हाताने मांडीवर ठेका धरून आजोबांनी सुरुवात केली. आवाज थकलेला, पण शब्द खडीसारखे स्वच्छ. गाणे होते वामनदादा कर्डकांचे. बाबासाहेबांच्या मताची, मोजून एका हाताच्या बोटांइतकी माणसे जरी असती तरी काय घडले असते, असा हिशेब मांडणारे ते गाणे. वाचकांनी ओळखलेच असेल. त्याच्या ओळी आम्ही इथे छापत नाही. ज्यांना पाठ आहे त्यांना त्याची गरज नाही, आणि ज्यांना पाठ नाही त्यांनी ते कोणा जुन्या माणसाच्या तोंडून ऐकावे.

आता कोणी म्हणेल, एवढे प्रसिद्ध गाणे तुम्ही पहिल्यांदा ऐकले? खरे सांगतो, कानावरून ते शंभर वेळा गेले असेल. जयंतीच्या मंडपात, लग्नाच्या वरातीत, रिक्षात. पण तिथे आम्ही ठेका ऐकला, गाणे ऐकले नाही. त्या दिवशी वाजवायला काही नव्हते म्हणून शब्द ऐकू आले. आयुष्याची पन्नाशी उलटल्यावर, एका माणसाच्या मरणाला जाऊन, आम्हांला ते गाणे नव्याने सापडले.

तीन कडवी झाल्यावर आजोबा थांबले. डोळे मिटून बसले. मग मान हलवून म्हणाले, "पुढचं एक कडवं हाय. पण आठवत न्हाई आता."

तिथूनच सगळे सुरू झाले.

घराला लागलेले वेड

पूर्ण गाणे एक वेळ विसरता येते. अर्धे गाणे फार छळते. दुसऱ्या दिवशी कामावर हातातला हातोडा त्याच ठेक्यावर पडू लागला. शेजारच्या माणसाने दोनदा विचारले, "काय राव, आज लई खुशीत?" खुशी कसली! मागे लागलेले सुटत नव्हते एवढेच.

संध्याकाळी घरी आलो तर मुलांची आई भाकरी थापताना तेच गुणगुणत होती. तीही त्या कार्यक्रमाला होती ना! आठ दिवसांत घराची गाण्याची शाळा झाली. धाकटा आयटीआयला जातो. तो म्हणायचा, "पप्पा, तुमची कॅसेट अडकली." आणि स्वतः आंघोळीला गेला की तेच. थोरली मुलगी बारावीची परीक्षा द्यायची होती. तिने कान झाकून अभ्यास करण्याचा प्रयत्न केला. मग तीच मोबाइल घेऊन आमच्याजवळ बसली. म्हणाली, "थांबा, पुढचं कडवं मी शोधून देते. नाहीतर माझा पेपर कोरा जाईल."

मोबाइलवर ते गाणे एक नाही, डझनभर प्रकारांनी निघाले. कोणी कव्वालीच्या अंगाने गायलेले, कोणी गझलेसारखे संथ, कोणी बँडवर, कोणी डीजेच्या दणक्यात. पण एकात तीन कडवी, दुसऱ्यात चार. एकात दुसरे कडवे तिसऱ्या जागी, तर कुठे शब्दच वेगळा. खाली गायकाचे नाव, वाजवणाऱ्याचे नाव, चित्रीकरण करणाऱ्याचे नाव. आम्ही जेवढी ऐकली त्यांतल्या कितीतरी ठिकाणी ज्याने ते लिहिले त्याचेच नाव नव्हते. मुलगी म्हणाली, "पप्पा, सगळ्यांची नावं आहेत. गाणं काय आपोआप झालं?"

पोरीचा प्रश्न बरोबर होता. तिच्या निमित्ताने आम्हीही वामनदादांविषयी जे ठाऊक होते ते आठवू लागलो, चार पुस्तके चाळली.

ज्याला अक्षर येत नव्हते तो कवी

वामनदादा आपल्याच नाशिक जिल्ह्याचे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. बालपणी शाळा मिळाली नाही. पोटासाठी मुंबईला आले, मिळेल ती मोलमजुरी केली, गिरणीत राबले. कोणीतरी एकदा त्यांच्या हातात पत्र दिले आणि वाचून दाखवायला सांगितले. वाचता येईना, तेव्हा त्यांना रडू कोसळले, असे सांगतात. मोठेपणी ते अक्षर शिकले. आणि १९४३ पासून जे लिहू लागले ते आयुष्यभर थांबले नाहीत. 'वाटचाल', 'मोहळ' हे त्यांचे गीतसंग्रह. 'माझ्या जीवनाचं गाणं' हे त्यांचे आत्मकथन. १५ मे २००४ रोजी नाशिकला ते गेले. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यातच प्रल्हाद शिंदेही गेले. एकाच उन्हाळ्यात आपल्या गाण्याचे दोन खांब पडले.

त्यांच्याही आधी जलसे होते. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाचा बाज घेतला आणि आतला विषय बदलला. गणात देवाची स्तुती होती तिथे बाबासाहेबांचा विचार आला, गवळणीच्या जागी शिक्षणाची आणि स्वच्छतेची गोष्ट आली. आपले दहा व्याख्याने आणि एक जलसा सारखेच, अशा अर्थाचे बाबासाहेब म्हणाल्याचे जुने लोक आजही अभिमानाने सांगतात. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत चळवळ गाण्याने पोचली. आमची आजी शाळेत गेली नव्हती, पण महाडचे पाणी आणि काळारामाचा सत्याग्रह तिला तोंडपाठ होता. तिने तो पुस्तकात वाचला नव्हता, गाण्यात ऐकला होता.

या परंपरेतली एक रीत आम्हांला या शोधात नीट कळली. गाणे लिहिणारा शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. संतांच्या अभंगात असते तसेच. वामनदादा 'वामन' हे नाव गुंफत. ती कवीची सही. आता होते असे की गाणे लांबते, कॅसेटची बाजू संपत येते, मिरवणूक पुढे सरकते आणि कात्री लागते ती शेवटच्या कडव्याला. सही जाते आणि गाणे बिनबापाचे होते. आजोबा जे कडवे विसरले ते सहीचे कडवे होते.

गाणे कोणाकडे बघून म्हणायचे?

एव्हाना चाल पाठ झाली होती. मग शब्द बोचू लागले.

आपली बहुतेक गाणी बाबासाहेबांचा गौरव करतात. ती ऐकताना छाती फुगते. हे गाणे छाती फुगवत नाही. ते बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांनाच समोर उभे करून विचारते की तुमचे बोलणे आणि तुमचे वागणे यांचा मेळ आहे का. गंमत अशी की ऐकणारा प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. धाकटा म्हणाला, हे पुढाऱ्यांसाठी आहे. शेजारचे म्हणाले, हे नोकरी लागल्यावर वस्ती सोडून गेलेल्यांसाठी आहे. आमचेही तेच. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविषयी इशारा दिला होता, ती अधोगतीची वाट आहे असे बजावले होते. ते आम्ही मुलांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष झाला आणि थोड्याच वर्षांत त्याचे तुकडे कसे पडू लागले तेही सांगितले. १९९८ साली एकत्र आल्यावर आपले चार खासदार लोकसभेत गेले आणि ती एकी पुन्हा कशी टिकली नाही, तेही सांगितले. सगळे दोष दुसऱ्यांचे होते, त्यामुळे बोलायला सोपे गेले.

रात्री ओट्यावर बसून गुणगुणत होतो. मुलांची आई भांडी घासता घासता म्हणाली, "अहो, एक विचारू? तुम्ही हे गाणं म्हणताना तोंड नेहमी त्या गल्लीकडंच का करता?"

त्या गल्लीत आमचे थोरले बंधू राहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. म्हणत होतो. चार वर्षे बोलणे नव्हते.

तीन हजार दोनशे रुपये

वस्तीत जयंतीचे मंडळ पूर्वी एकच होते. चार वर्षांपूर्वी बैठकीत वाद झाला. वाद काय, तर मिरवणुकीत लेझीम हवे की डीजे, आणि वर्गणीचे पैसे कोणाकडे राहावेत. आपल्या किती वस्त्यांत हे झाले असेल! अण्णा खजिनदार होते. चर्चा तापली तेव्हा आम्ही माईक हातात घेतला आणि सगळ्यांसमोर विचारले की मंडपाच्या तीन हजार दोनशे रुपयांची पावती कुठे आहे? पावती त्यांच्याकडे नव्हती. "दिली होती रे, तुझ्याकडंच दिली होती," एवढेच ते म्हणाले. कोणी ऐकले नाही. मागून एक जण काहीतरी बोलला, दुसरा हसला. अण्णांनी हिशेबाची वही टेबलावर ठेवली आणि निघून गेले. त्या वर्षापासून वस्तीत दोन मंडळे झाली, दोन मिरवणुका, दोन वर्गण्या. पोलिसांकडे परवानगीचे अर्जही दोन.

आता जे सांगायचे ते सांगतो. त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही मुलाच्या जातपडताळणीचे कागद शोधत होतो. जुन्या रेक्झिनच्या पिशवीत एक पिवळी पावती सापडली. मंडप, खुर्च्या, रुपये तीन हजार दोनशे. अण्णांनी खरेच ती आमच्याकडे दिली होती.

ती पावती आम्ही पुन्हा पिशवीत ठेवली. घरातही सांगितले नाही. मनाशी म्हणालो, आता जुने उकरून काय फायदा? मंडळे तर दोन झालीच आहेत. पुढे दोन जयंत्या आल्या आणि गेल्या. पंचशीलातले चौथे शील, खोटे न बोलण्याचे, आम्ही दर रविवारी विहारात मोठ्याने म्हणत होतो. गप्प राहणे म्हणजे काही खोटे बोलणे नव्हे, अशी आम्ही आमचीच समजूत काढली होती.

मुलांच्या आईने गल्लीचा प्रश्न विचारला त्या रात्री झोप आली नाही. गाणे होतेच उशाशी.

वडिलांची वही

आणि गाण्याला वाटही तीच होती. शेवटचे कडवे पूर्ण आणि बिनचूक कुठे मिळेल हे आम्हांला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आमचे वडील रेल्वेत खलाशी होते. वामनदादांचा कार्यक्रम जवळपास कुठेही असला की रात्रपाळी बदलून जायचे. ऐकलेले गाणे घरी येऊन कंदिलाच्या उजेडात वहीत उतरवायचे. ते गेल्यावर ती वही अण्णांच्या पेटीत गेली. मोबाइलवर डझनभर गाणी ऐकली ती खरे तर त्या पेटीकडे जायचे टाळण्यासाठी.

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही पावती खिशात घातली आणि गेलो. चार वर्षांत पहिल्यांदा. वहिनींनी दार उघडले. क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "या भाऊजी. चहा टाकते."

अण्णा खाटेवर बसून पेपर वाचत होते. त्यांनी तो खाली ठेवला नाही. आम्ही म्हणालो, "अण्णा, तात्यांची वही पाहिजे होती. एका गाण्याचं शेवटचं कडवं सापडत नाही."

"कोणतं गाणं?"

आम्ही पहिली ओळ म्हटली. गाऊन नाही, नुसती म्हटली. अण्णांनी पेपर बाजूला ठेवला. उठले, पेटी उघडली. शालीत गुंडाळलेली वही काढली. पुठ्ठा फाटलेला, पाने वाळवीने कडेला खाल्लेली. नेमके पान त्यांनी न शोधता उघडले. म्हणजे तेही ते गाणे वाचत होते.

वडिलांचे अक्षर टपोरे. वर मधोमध 'नमो बुद्धाय', खाली 'वामनदादा कर्डक', मग गाणे. शेवटच्या कडव्यात कवीचे नाव. पानाच्या तळाशी वडिलांनी स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली होती: 'हे गाणे दुसऱ्याला ऐकवण्याआधी स्वतः ऐकावे.'

आम्ही ते वाचले. खिशातली पावती काढून वहीवर ठेवली.

अण्णांनी चष्मा लावून ती वाचली. बराच वेळ कोणी बोलले नाही. वहिनी चहाचे कप घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

"कधी सापडली?"

"दोन वर्षं झाली."

पावती कालच सापडली असे सांगता आले असते. ओठांवर आलेही होते. अण्णांनी पावतीची घडी घातली. ती फाडली नाही, ठेवूनही घेतली नाही. आमच्या हातात परत दिली.

"माईकवर बोलला होतास," ते म्हणाले. "माईकवरच सांग."

मग वही पुढे सरकवली. "गाणं उतरवून घे. वही इथंच राहील."

आम्ही खाली सतरंजीवर बसून गाणे उतरवून घेतले. हात थरथरत होता, अक्षर नीट आले नाही. निघताना अण्णा दारापर्यंत आले. म्हणाले, "एका हाताच्या बोटांत आपण दोघं तरी बसतो का रे?" आम्हांला उत्तर देता आले नाही.

चौदा एप्रिलची सकाळ

मिरवणुका दोन असल्या तरी १४ एप्रिलला सकाळी विहारातली वंदना वस्तीची एकच असते. दोन्ही मंडळांची माणसे येतात, पण बसतात वेगवेगळ्या बाजूंना. वंदना संपल्यावर आम्ही माईक मागितला. चार वर्षांपूर्वी जितक्या सहज हातात घेतला होता तितका तो हलका वाटला नाही.

भाषण केले नाही. पावती वाचली. रक्कम वाचली, तारीख वाचली. अण्णांवर केलेला आरोप खोटा होता, आणि तो खोटा आहे हे कळूनही आम्ही दोन वर्षे गप्प बसलो, हे सांगितले. क्षमा मागितली. खाली बसलो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरेच झाले. मागे बसलेली एक म्हातारी बाई तेवढी मोठ्याने म्हणाली, "उशीर केला बाबा."

मग पुण्यानुमोदनात गायलेले आजोबा उठले. "कडवं सापडलं का?" त्यांनी विचारले. आम्ही उतरवलेला कागद त्यांच्या हातात दिला. त्यांना अक्षर लागेना, म्हणून आमच्या मुलीने कडवे वाचायचे आणि त्यांनी गायचे, असे चालले. पेटी-ढोलकी तेव्हाही नव्हती. तिसऱ्या कडव्याला डावीकडून एक जाडसर आवाज मिसळला. तो आवाज आम्ही लहानपणापासून ओळखतो. आम्ही मान वळवून पाहिले नाही. शेवटच्या कडव्यात वामनदादांचे नाव आले तेव्हा दोन्ही बाजूंची माणसे गात होती.

दुपारी मिरवणुका दोनच निघाल्या. गाण्याने सगळे जुळून आले असे आम्ही सांगणार नाही, कारण तसे झालेले नाही. मंडळे अजून दोन आहेत. अण्णा रस्त्यात भेटले की 'जयभीम' होतो. परवा वहिनींनी आमच्या मुलीसाठी डब्यातून शेंगोळे पाठवले. एवढे झाले आहे. जे चार वर्षांत मोडले ते एका सकाळीत कसे जुळेल?

वही ठेवा

मग हे सगळे का लिहिले? दोन कारणांसाठी.

पहिले कारण आपल्या गाण्यांचे आहे. याच मनमाडला १९३८ च्या फेब्रुवारीत रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले. ते भाषण कोणीतरी उतरवून ठेवले, म्हणून आज आपण ते वाचतो. गाण्यांचे तसे झाले नाही. ती माणसांच्या तोंडात राहिली, आणि माणसे जात आहेत. वामनदादांच्या गाण्यात निदान शेवटी नाव तरी असते. आपल्या आया-आज्यांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ज्या ओव्या गायल्या, त्यांना तीही सोय नव्हती. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात गायलेल्या भीमाच्या ओव्या त्यात आहेत. प्रत्येक ओवीपुढे गाणाऱ्या बाईचे नाव, गाव लिहिलेले आहे. परक्या देशात जन्मलेल्या माणसाला हे सुचले. आपल्याला आपल्या आजीजवळ वही घेऊन बसायला काय हरकत आहे?

चाळीस-पन्नास रुपयांची वही पुरते. गाणे लिहा. वर कवीचे नाव लिहा. कोणाकडून ऐकले, कुठे, कोणत्या साली, ते लिहा. कडवी सगळी लिहा. मोबाइलवर आवाज घ्या, पण शेवटचे कडवे कापू नका. आमच्या मुलीने सुरुवात केली आहे. त्या आजोबांकडून तिने आतापर्यंत सतरा गाणी उतरवली. बारावीचा पेपर काही कोरा गेला नाही, हेही सांगून टाकतो.

दुसरे कारण वडिलांच्या त्या एका ओळीत आहे. गाण्याचे वेड लागणे वाईट नाही. लागावे. पण चालीच्या मागे मागे जाता जाता शब्दांपर्यंत पोचावे, आणि शब्दांनी काही विचारले तर शेजाऱ्याकडे बोट करू नये. आम्ही तीन आठवडे दुसऱ्यांना ऐकवत होतो. ते आमच्यासाठी होते हे कळायला शेवटचे कडवे शोधावे लागले.

तुमच्याही घरात एखादी पिशवी असेल. जयंतीची वाट बघू नका.

जयभीम.